लेकीच्या नावाची मूठ

श्रावण लागला की आमच्या घरच्या फोनवरच्या ग्रुपात विज्ञान सुरू होतं. देवीला नारळच का, तर त्यात अमुक क्षार असतात. गंगाफळाचीच, म्हणजे लाल भोपळ्याचीच, भाजी का, तर पावसाळ्यात ती पचायला हलकी. हळद का, तर जंतू मरतात. नमस्कार का, तर कंबरेचा व्यायाम होतो. हे सगळं माझा पुतण्या पाठवतो. तो जळगावला पाइपाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. मला वाचता येतं, आणि हे वाचून माझं डोकं उठतं. एकदा मी त्याला विचारलं, "कंबरेचाच व्यायाम करायचा तर देवीला मधे कशाला घेतो? अंगणात उभा राहा, वाक आणि उठ." तो हसला. म्हणाला, "मोठीआई, तुम्ही जुनी माणसं नुसतं करत होतात. आम्ही कारण सांगतो."

दुसऱ्या बाजूला माझा मुलगा. तो धुळ्याला देवपुरात राहतो, कॉलेजात विज्ञान शिकवतो. पुतण्याने काही पाठवलं की हा खाली लिहितो, हे सगळं भाकड आहे, याला कसलाही आधार नाही. मग दोघांची जुंपते. एक म्हणतो देवात विज्ञान आहे, दुसरा म्हणतो विज्ञानात देव नाही. दोघांच्या बायका हसरे चेहरे पाठवतात. आणि ज्या देवीवरून हे चालतं तिचं घासणं-पुसणं, दळण-कांडण मी आणि माझी लेक करतो.

विज्ञानाशी माझं भांडण नाही. माझा मोतीबिंदू काढला, मला दिसू लागलं. साखरेची गोळी रोज घेते. आमच्या केळीला नळीतून थेंब थेंब पाणी जातं, रोपं प्रयोगशाळेतून येतात. डोळ्याचं काम डोळ्याच्या डॉक्टरकडे, केळीचं काम केळीच्या माणसाकडे. पण बाईचं काम बाईकडे असावं की नाही? तिथेही हे दोघे येऊन बसतात, आणि बाईशी बोलायला कोणाला जागाच उरत नाही.

बाई म्हणजे कानबाई. खानदेशाबाहेरच्यांना हे सांगावं लागतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरोघर बसते. देवी म्हणजे एक नारळ. आमचा नारळ माझ्या सासूच्या सासूपासून चालत आलेला आहे, वाळून लाकडासारखा झालाय. त्याला चांदीचे डोळे, सोन्याची नथ मेणाने बसवायची, साडी नेसवायची, चौरंगावर मांडायचं. सोमवारी वाजतगाजत पाण्यावर न्यायचं, न्हाऊ घालून परत आणायचं.

आणि तिचे रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषमाणसाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे, मग तो म्हातारा असो की पाळण्यातला. गिरणीवाला त्या दिवशी गिरणी धुऊन फक्त रोटाचं दळण घेतो. त्या पिठाच्या जाड पोळ्या म्हणजे रोट. ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला कणभरही द्यायचे नाहीत, पौर्णिमेच्या आत संपवायचे, आणि जेवल्यावर हात धुतलेलं पाणीसुद्धा खड्ड्यात ओतून वर माती लोटायची, कोणाच्या पायाखाली यायला नको म्हणून. घरात आलेली सून भाऊबंदात धरतात. दिलेली लेक धरत नाहीत. तिने सासरचे रोट खायचे.

आता माझ्या लेकीचं सांगते. ती मुलापेक्षा मोठी. तिला भुसावळकडे दिली होती. नवऱ्याशी पटलं नाही, कोर्टात कागद झाले, ती परत आली. आता असोद्याला माझ्याजवळ राहते. केळीची बाग तीच बघते, मजुरांशी तीच बोलते, मला दवाखान्यात गाडीवर मागे बसवून तीच नेते. पण सासर उरलं नाही म्हणून सासरचे रोट नाहीत, आणि माहेरी ती परकी. म्हणजे तिला कुठलेच रोट नाहीत. आल्यापासून दर श्रावणात ती कानबाईची भांडी घासते, फुलोरा तळते, सगळ्यांना वाढते, आणि स्वतः मागच्या पडवीत वेगळ्या शेगडीवर भाकरी टाकून खाते. आम्ही आत देवीसमोर पंगतीला, ती पडवीत. रोट संपेपर्यंत रोज हेच.

ती कधी बोलली नाही. मलाच ते गिळेना. यंदा मी ठरवलं होतं की ती पंगतीत बसेल.

मुठी मोजायचं काम घरातल्या थोरल्या बाईचं. यजमान गेल्यापासून पूजेला मुलगा आणि सून जोडीने बसतात, पण मुठी माझ्याकडेच राहिल्या. शनिवारी सकाळी सगळे जमले. माझे दीर, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, ते खुर्चीवर. पुतण्या त्यांचाच मुलगा, तो त्यांना आणि बायकोला घेऊन जळगावहून आला होता. तिला दिवस गेलेले. मुलगा आणि सून धुळ्याहून आदल्या दिवशीच आले होते. लेक दारात बसून चिंचेने तांब्याचा कलश घासत होती.

मी सुपात गहू टाकत गेले, नाव घेत गेले. नानांचं, मुलाचं, पुतण्याचं, नातवांचं. सगळे झाल्यावर लेकीचं नाव घेतलं आणि तिच्या नावाची मूठ ओतली.

नाना खुर्चीतून पुढे झाले. "वहिनी, हे काय करून राहिल्या?"

"मूठ घातली."

"लेकीची?"

"माझीच लेक आहे नाना, शेजारणीची नाही."

"तसं नही म्हनत मी. पन ती आपल्या भाऊबंदात कुठं बसते?"

"बसायला पाट मी देते."

पुतण्याने घसा साफ केला. मला कळलं, आता विज्ञान येणार. "मोठीआई, रागावू नका. यामागे शास्त्र आहे. वाय क्रोमोसोम नावाची एक गोष्ट असते. ती बापाकडून फक्त मुलाला मिळते, मुलीला मिळत नाही. आपल्या पूर्वजांना हे माहीत होतं. म्हणून पुरुषांच्या नावाची मूठ, म्हणून भाऊबंदातच रोट."

"माझ्यात आहे का ते?"

"नाही, बायकांत नसतं."

"तुझ्या आईत होतं?"

"नाही."

"तुझ्या बायकोत?"

"मोठीआई, सांगितलं ना, बायकांत नसतं."

"मग मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून रोट खाते. तुझी आई मरेपर्यंत खात होती. तुझी बायको उद्या खाईल. आमच्यात कोणातच ते नाही आणि आम्हाला चालतं. जी या घरात जन्मली तिलाच का नाही?"

"तुम्ही लग्नाने घरात येता."

"मग तुझं ते वाय लग्नपत्रिका बघतं का?"

त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. त्याने फोन काढला. "याच्यावर एक चांगला लेख आहे. ग्रुपवर टाकतो."

इतक्यात माझा मुलगा मोठ्याने हसला. "अरे, काय बोलतोस? क्रोमोसोमचा आणि रोटाचा काय संबंध? माझ्या वर्गात हे बोललास तर पोरं बाक वाजवतील." आणि त्याने चांगलं पाच मिनिटं समजावून सांगितलं. ते वाय काय असतं, ते काय करतं आणि काय करत नाही. मला अर्धं कळलं नाही, पण बरं वाटलं. म्हटलं, चला, शिकवलेल्या पोराचा आज उपयोग झाला.

मी म्हटलं, "हेच नानांना सांग. सांग की ताई पंगतीला बसेल."

तो एकदम मागे सरकला. "मी? मी यात कसा पडू आई? मी हे मानतच नाही."

"मानत नाहीस तर सांगायला काय जातं?"

"तसं नाही. मुठीने काय फरक पडतो? गहू आहेत ते. ताईला पण मी मागेच सांगितलं, मनावर घेऊ नकोस म्हणून. जे मुळातच खोटं आहे त्यात हक्क कसला मागायचा?"

"तुझी मूठ आहे ना त्यात?"

"ती तुझ्या समाधानासाठी."

"उद्या सोवळं नेसून पूजेला बसशील ते?"

"तेही तुझ्यासाठी."

माझ्यासाठी एवढं करणारा मुलगा, पण एक वाक्य बोलेना. दारात लेकीचं कलश घासणं चालूच होतं. तिने मान वर केली नाही. कलश तर केव्हाचा लख्ख झाला होता.

आता पंचाईत अशी, की नाव घेऊन सुपात पडलेले गहू परत काढत नाहीत. आणि त्या ढिगातून माझ्या लेकीचे दाणे वेगळे कोण करणार? नानांनी सुपातले गहू बोटाने चाळवले. मग त्यांचा चेहरा उजळला. "असं करा वहिनी. सूनबाईले दिवस गेले आहेत. ती मूठ येणाऱ्या नातवाच्या नावाने राहू द्या."

"नातवाच्या? तपासून आणलं की काय?"

"राम राम! तपासतो कशाले? गुन्हा आहे तो. पन खात्री आहे आम्हाले."

"पोटाच्या आकारावरून कळतं, मोठीआई," पुतण्या म्हणाला. हा इंजिनिअर.

मुलगा पुन्हा हसला. विज्ञान शिकवणाऱ्याला हसण्यासारखं खूप असतं आमच्या घरात. पण सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता. नानांनी चहा मागितला. जी पोर समोर बसून कलश घासत होती तिची मूठ, जे अजून जन्मलं नाही आणि पोरगा आहे की पोरगी हेही माहीत नाही, त्याला देऊन टाकली. चहा लेकीनेच केला.

रविवारी मी नारळाला डोळे बसवले. हे मी दरवर्षी करते. मेण बोटाने मऊ करायचं, आधी उजवा डोळा, मग डावा. माझ्या अंगात येत नाही, मला दृष्टांत होत नाहीत. पण दुसरा डोळा बसला की मला वाटतं, समोर कोणीतरी आहे. आत्तापर्यंत नारळ होता, आता कोणीतरी आहे. याचं कारण मला कोणी सांगू नये. पुतण्या सांगेल की मेंदूत अमुक होतं आणि म्हणून पूर्वजांनी डोळे बसवायला लावले. मुलगा सांगेल की मेंदूत अमुक होतं आणि म्हणून समोर कोणी नाही. दोघांचा मेंदू एकच, भांडण कशाचं ते मला कळत नाही. मला एवढंच माहीत आहे की वर्षभरात माझ्या वाट्याला तेवढीच एक घटका येते. तेव्हा मी कोणाची आई नसते, सासू नसते, म्हातारी नसते.

यंदा ती घटकाही नीट मिळाली नाही. डोळे बसले, आणि मला तिच्याकडे बघवेना. मागे पडवीत शेगडी पेटल्याचा वास येत होता. मी मनात म्हटलं, बाई, तू तरी बोल. नारळ बोलत नाही, हे चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. तरी म्हटलं.

पंगत बसली. मुलगा सोवळ्यात पहिल्या पाटावर. रोट त्याला फार आवडतात, लहानपणापासून. तुपात बुडवून खीर-रोट खात होता आणि माझ्या सुनेला सांगत होता, "ही चव धुळ्याच्या गिरणीच्या पिठाला येतच नाही." लेक वाढत होती. देवीच्या पंगतीला वाढायला ती चालते.

सोमवारी बाईला पाण्यावर नेऊन आणलं. बायका फुगड्या खेळल्या, पोरं नाचली. मंगळवारी मुलगा धुळ्याला गेला, कॉलेज होतं. पुतण्या आणि नाना जळगावला गेले. प्रत्येकाने आपापल्या वाटणीचे रोट बांधून नेले. पण पोटातल्या पोराच्या नावाचे कोणी नेले नाहीत. त्याच्या आईला करपट ढेकर येत होते, तिला ते खाववेनात. ते माझ्या डब्यात राहिले.

मी खाऊन खाऊन किती खाणार? साखरेमुळे डॉक्टरने मला मोजून खायला सांगितलंय. पौर्णिमा जवळ आली तरी डब्यात रोट उरलेच. दुपारची वेळ होती, घरात आम्ही दोघीच. मी एक ताट घेतलं, दोन रोट ठेवले, तूप घातलं आणि लेकीसमोर सरकवलं.

"खा. कोणी बघत नाही."

तिने ताटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आई, हे कोणाच्या नावाचे आहेत?"

"तुझ्या नावाने घातले होते मी."

"पण आता कोणाच्या नावाचे आहेत?"

मी ताटातलं तूप रोटावर पसरलं.

"कोणी बघत नाही म्हणून खायचं असतं तर पहिल्याच वर्षी खाल्लं असतं. डबा माझ्याच हाताखाली असतो." तिने ताट परत माझ्याकडे सरकवलं. "बाई तर बघत असेल ना? तूच म्हणतेस, डोळे लावले की कोणीतरी असतं. तिच्यासमोर चोरून कशी खाऊ?"

मला राग आला. तिचा नाही. त्या दोघा शहाण्यांचा. एवढ्या वर्षांच्या चर्चेत एकालाही ही गोष्ट सुचली नव्हती. मी फोन उचलला. मला लिहायला वेळ लागतो, म्हणून बोलूनच पाठवलं. ग्रुपात म्हटलं, "रोट उरलेत. उद्या पौर्णिमा. मला साखर आहे, मी खाणार नाही. ज्याच्या नावाची मूठ आहे त्याच्या बापाने आणि आजोबाने येऊन संपवावेत. नाहीतर माझ्या लेकीला तिच्या नावाने पंगतीत बसवा."

तासाभरात गाडी दारात. पुतण्या आणि नाना. जळगाव काही लांब नाही, पण एरवी मला बरं नसलं तर यायला त्यांना दोन दिवस लागतात.

ते खायला बसले. नानांना दात नाहीत, ते दुधात कुस्करून खात होते. पुतण्याला अॅसिडिटी, तो घाम पुसत, पाणी पीत एकेक घास उतरवत होता. लेक त्यांना तूप वाढत होती, पाणी देत होती. मी समोर बसून बघत होते. हसू यावं असं ते दृश्य होतं, पण मला हसू आलं नाही. माणसं पोट फुटेस्तोवर खातील, पण एक तुकडा तिच्याकडे सरकवणार नाहीत.

शेवटचा एक रोट राहिला. पुतण्याने हात वर केले. "माझ्याने नाही आता."

नानांनी तो हातात घेतला आणि फिरवून फिरवून बघितला. माणूस वाईट नाही. माझ्या लेकीला त्यांनी खांद्यावर बसवून गावभर फिरवलंय. ते खालच्या आवाजात म्हणाले, "पोरी, ने हा. खाऊन टाक. कोनी काही म्हननार नही."

लेक म्हणाली, "माझ्या नावाचा असेल तर द्या, नाना."

नानांचे ओठ हलले. मला वाटलं, आता म्हणतील. चार शब्द तर होते. पुतण्याने फोनमध्ये तोंड घातलं. नानांनी तो रोट दुधात मोडला आणि हळूहळू, डोळे मिटून संपवला. मग हात धुतले. ते पाणी लेकीनेच खड्ड्यात ओतलं, वर माती लोटली.

दुसऱ्या दिवशी राखी. मुलगा सकाळच्या एसटीने धुळ्याहून आला. राखी तो मानतो. त्यामागे विज्ञान आहे की नाही असं त्याने कधी विचारलं नाही. लेकीने त्याला ओवाळलं, राखी बांधली. त्याने तिला साडी दिली. जेवताना त्याने सहज विचारलं, "संपले का गं रोट?"

"संपले," मी म्हटलं. "आता ऐक. पुढच्या वर्षी तुझ्या नावाची मूठ मी घालणार नाही."

त्याचा घास हातात राहिला. "म्हणजे?"

"तू मानत नाहीस. ते सगळं भाकड आहे. मग भाकडात तुझी मूठ कशाला? जितक्या मुठी आहेत तितक्याच राहतील. नानांना हिशेब पटेल. तुझ्या जागी ताईची घालीन."

"आई, चेष्टा करतेस का?"

"मी चेष्टा करत नाही, तुला माहीत आहे. पूजेलाही बसू नकोस. माझ्यासाठी एवढा त्रास नको काढूस. पंगतीच्या वेळी पडवीत शेगडी असते, भाकरी गरम मिळेल."

त्याने बहिणीकडे बघितलं. ती भात वाढत होती. तो हसायला लागला, आणि मधेच थांबला. त्याचे कान लाल झाले. लहानपणी खेळात घेतलं नाही की असेच व्हायचे.

"असं कसं आई," तो म्हणाला. "मी या घरचा आहे. माझी मूठ कशी काढशील तू?"

"मग नानांना फोन कर."

"आणि काय सांगू?"

"हेच सांग. आत्ता मला बोललास तेच. फक्त तुझ्या जागी ताईचं नाव घे."

त्याने फोन बाहेर काढून ताटाशेजारी ठेवला. राखीचा गोंडा आमटीत बुडत होता, तो त्याने वर केला. लेक म्हणाली, "अरे, आधी जेव, भात निवतोय." तो जेवला. फोन तिथेच पडून होता. जेवण झाल्यावर तो फोन घेऊन अंगणात गेला आणि बराच वेळ इकडून तिकडे फेऱ्या मारत राहिला. खिडकीतून मला दिसत होतं. फोन त्याच्या हातात होता, कानाला नव्हता.

दुपारच्या एसटीने तो परत गेला. जाताना म्हणाला, "बोलतो मी नानांशी." मी म्हटलं, "बोल. श्रावणाला वर्ष आहे." लेक त्याला गाडीवर स्टँडपर्यंत सोडायला गेली. मी नारळावरचे डोळे काढले, मेण खरवडलं, आणि डोळे नि नथ डबीत ठेवली. नारळ फडक्यात गुंडाळताना त्याला म्हटलं, तुला काय, तू वर्षभर झोपशील. मला मुलाच्या फोनची वाट बघायची आहे.